शरीराच्या वरच्या भागाला दुखापत

सॅस्काटून, २ मार्च

गॅरेट,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. डोरीन म्हणाली, "सत्तरीतल्या माणसाच्या हातचा लखोटा आला की लोकांना वाटतं मृत्युपत्रच आलं." तसं काही नाही. प्रकृती उत्तम आहे, आवाज त्याहून उत्तम आहे, आणि तो सगळा आवाज सध्या मी तुझ्यासाठी खर्च करतो आहे.

तुला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं त्याला आज चार आठवडे झाले. शनिवारच्या माझ्या आइस हॉकीच्या रेडिओ कार्यक्रमात या चार आठवड्यांत दुसरा विषय नाही. गेल्या शनिवारी मी काय म्हणालो ते तुला कळलं नसेल, म्हणून लिहितो. मी म्हणालो, "सोळाव्या वर्षी शेतावरून बॅग घेऊन या शहरात आलेला मुलगा. तेरा वर्षं इथे खेळला, त्यातली पाच कर्णधार म्हणून. आणि आपल्या जनरल मॅनेजरने, लॉर्न पिलिपचुकने, त्याच्या बदल्यात आल्बुकर्कीच्या संघाकडून आणलं काय? चौतीस वर्षांचा एक बचावपटू, ज्याला मागे वळायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो. आणि नव्या मुलांच्या निवडीतली तिसऱ्या फेरीची एक जागा. म्हणजे कुठल्यातरी वर्गात आज गणिताच्या तासाला डुलक्या घेणारं एक पोरगं, जे कदाचित आपल्या बर्फावर कधी पायही ठेवणार नाही!"

अकराच्या अकरा लाइन पेटल्या. रॉस्थर्नहून मर्लीन नावाच्या बाईंचा फोन आला, "मायरन, मी गोठ्यात ऐकत होते. मी इतक्या जोरात शिवी दिली की गाय दूध द्यायची थांबली."

फक्त तुझ्यापुरतं नाही हे. पाच वर्षांचा हिशेब मागतो आहे मी. कोर्पेला आठवतो? एकवीस वर्षांचा, पायात वारा असलेला बचावपटू. त्याला खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर आधी चोवीस तास त्याचं नाव बाकी सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं, आणि वाटेल त्याने उचलून न्यावं असा नियम आहे. लॉर्नने पैज मारली की कुणी उचलणार नाही. दुपारी बारापर्यंत उचलला. फुकट. मग हॅलोरन. वय एकतीस, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया, करार सात वर्षांचा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तू.

आपला संघ कुणा तेलसम्राटाचा नाही. हार्वेस्टर्स हा साडेचार हजार सामान्य माणसांचा संघ आहे, प्रत्येकाचा मालकीचा एक भाग, प्रत्येकाचं एक मत. चौदा जूनला वार्षिक सभा आहे. वॉल्ट ड्रेगर, तोच, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा, लॉर्नला काढण्याचा ठराव आणतो आहे. ठराव मांडणारं भाषण मी करावं असं तो म्हणतो. शहरात दुसरं कोण आहे?

तिकडून तुझी बातमी वाचली. "नॉयफेल्ड, शरीराच्या वरच्या भागाला दुखापत, अनिश्चित काळ संघाबाहेर." नेहमीचंच वाक्य. कुणाचं नाक मोडो, बरगडी मोडो, क्लब एवढंच सांगतो, म्हणजे समोरचे नेमक्या त्याच जागी मारणार नाहीत. इथे लोक म्हणतात, खांदा असेल. मीही म्हणतो, खांदा असेल.

तू गेलास त्या दिवशी विमानतळावरून फोन करून विचारलंस, "सर, तुम्हाला आधी काही माहीत होतं का?" मी नाही म्हणालो. तेवढ्यावर तुझं समाधान झालं असेल असं धरून चालतो.

मायरन


सॅस्काटून, २३ मार्च

गॅरेट,

उत्तर नाही. ठीक आहे. शाळेत असतानाही तू निबंध उशिराच द्यायचास.

काल कार्यक्रमात मार्टेन्सव्हिलचा कुणी रॉन फोनवर होता. म्हणाला, "मायरन, मला तर तो खांदा वाटत नाही. मला वाटतं त्याचं डोकं असेल. डिसेंबरात कोपऱ्यात काचेवर आपटला होता तेव्हापासून तो—" मी त्याला तोडलं. म्हणालो, वेळ संपली.

घरी आलो तर डोरीन स्वयंपाकघरात रेडिओसमोर उभी. "त्या माणसाचा फोन का कापलास?"

"वेळ संपली होती."

"दहा मिनिटं बाकी होती, मायरन. त्या दहा मिनिटांत तू दोनदा हवामान सांगितलंस."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने रेडिओ बंद केला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला असं कधी बंद केलं नव्हतं.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. सभेसाठी भाषणाची टिपणं काढायला बसतो आणि सहा जानेवारीच्या संध्याकाळवर येऊन अडतो. तुला ती किती आठवते, मला ठाऊक नाही. म्हणून मला आठवते तशी लिहितो.

आमचा युक्रेनियन नाताळ, जुन्या पंचांगाचा. पहिली चांदणी दिसल्यावर आपण टेबलावर बसलो. तू डोरीनला विचारलंस, "मॉम, या कोण?" तिची बहीण आयरीन होती. तेरा वर्षं तू तिला ओळखतोस. आयरीन हसली, म्हणाली, "मी जाडी झालेय ना, म्हणून." पाच मिनिटांनी तू पुन्हा विचारलंस. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा ती हसली नाही. मग तू उठून टेबलावरचा दिवा बंद केलास, म्हणालास, उजेड फार आहे. आम्ही मेणबत्त्यांवर जेवलो, सगळे म्हणाले किती छान वाटतं.

कॉफी संपली होती. तू म्हणालास, मी आणतो. कोपऱ्यावरचं दुकान, दोन गल्ल्या. ज्युनियर संघात असताना तू चार वर्षं आमच्या घरात राहिलास, त्या दुकानात डोळे मिटून गेला असतास. चाळीस मिनिटांनी तू पायी परत आलास. बाहेर उणे एकतीस. गाडी दुकानाबाहेर चालूच होती. हातात कॉफी नव्हती. तू म्हणालास, "दुकान बंद होतं." मी जाऊन गाडी आणली. दुकान उघडं होतं.

मी कॉफी घेऊन आलो आणि सगळ्यांना सांगितलं, आत्ताच उघडलं.

एवढंच लिहितो. खांदा आहे ना? एका ओळीत कळव. डोरीनला कळव, मला नको असेल तर.

मायरन


सॅस्काटून, १९ एप्रिल

गॅरेट,

दोन गुणांनी आपण बाद फेरीबाहेर. तू असतास तर? हा प्रश्न शहरात प्रत्येक कॉफीच्या टेबलावर आहे. मी तो पेटवला आणि आता तो माझ्या हाती राहिलेला नाही. कुणीतरी लॉर्नच्या अंगणात मेलेला मासा टाकून गेलं. त्याच्या बायकोने दुकानात जाणं सोडलं आहे.

गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, वळायला गेलो होतो, ईस्टरच्या विक्रीसाठी. चाळीस बायका, सहा पुरुष, पिठाचे ढीग. माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसला लॉर्न पिलिपचुक. आजूबाजूची एकेक बाई बटाटे बघायला म्हणून उठून गेली. सहा हात उरले असतील, त्यातले चार आमचे.

"तुझ्या पेरोगी उघड्या राहतात," तो म्हणाला. "उकळताना फुटतील."

"तुझ्या संघासारख्या."

"हं. हे शनिवारसाठी ठेव."

मग त्याने मान वर न करता विचारलं, "पोराला सांगितलंस?"

गॅरेट, आता पुढचं वाच. बसून वाच.

लॉर्नला मी सांगितलं होतं. आठ जानेवारीला, कर्लिंग खेळायच्या क्लबच्या बाहेर. त्याने सहज विचारलं, "मायरन, कर्णधार बरा आहे ना? मला कसासाच वाटतो." आणि मी सगळं ओकलो. आयरीन, दिवा, कॉफी, गाडी. शिवाय हंगामाआधीची डोक्याची ती सप्टेंबरची परीक्षा, जी तू मुद्दाम चुकवतोस. तू मला विचारलंस की माहीत होतं का, आणि मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. तुला पाठवणार हे मला ठाऊक नव्हतं, एवढं खरं. पण गोळी मीच भरून दिली आणि नंतर अडीच महिने शहरभर बोंबलत फिरलो की कुणी झाडली.

तर मी त्याला म्हणालो, "तुला सांगितलं ते त्याला बरं करावंस म्हणून. हाकलावंस म्हणून नाही."

"दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे पाठवलं," लॉर्न म्हणाला. "कॉम्प्युटरवर परीक्षा घेतली. पास. सप्टेंबरात जितका मठ्ठ होता तितकाच मठ्ठ जानेवारीत. एका गुणाचा फरक नाही. आता मी काय म्हणू? हा सप्टेंबरात मुद्दाम चुकला होता, असं मायरन हलुष्का म्हणतात?"

"मग बसवून ठेवायचं."

"काय सांगून? तो म्हणतो ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतो ठणठणीत आहे. कोचला त्याच्याशिवाय झोप येत नाही. आणि तू शनिवारी काय म्हणाला असतास?"

"मी काही म्हणालो नसतो."

"मायरन. नोव्हेंबरात मी त्याला एका सामन्याला विश्रांती दिली होती. एका! तू चाळीस मिनिटं बोललास. 'पिलिपचुकला लोकांचं प्रेम डोळ्यांत खुपतं.' माझ्या आईने ऐकलं ते, म्हाताऱ्यांच्या निवासात. मला फोन करून विचारते, तुला खरंच खुपतं का रे?"

मी पेरोगी मिटत राहिलो. मिटत नव्हत्या.

"इथे त्याला कुणी बसू देणार नव्हतं," तो म्हणाला. "ना तो स्वतः, ना कोच, ना तू. आल्बुकर्कीची डॉक्टरीण मशीनवर विश्वास ठेवत नाही. समोर बसवते, चालवते, उजेडात नेते, महिना महिना घेते. त्यांच्या मॅनेजरला मी सगळं सांगितलं. आणि सगळं सांगितलं की तिसऱ्या फेरीची जागा मिळते, बाबा. न सांगता पूर्वेकडचा एक क्लब पहिल्या फेरीच्या दोन देत होता. दुसऱ्याच दिवशी बर्फावर उतरवला असता त्यांनी."

"हे लोकांना सांग ना मग!"

"काय सांगू? त्याच्या डोक्याचं? त्याचा करार पुढल्या वर्षी संपतो. एकदा शब्द बाहेर पडला की त्याला कुणी विचारणार नाही. त्याने सांगायचं तर सांगावं. ते माझं नाही."

"चौदा जूनला तुला काढतील."

"कोर्पेलासाठी काढा. तिथे मी चुकलो, कबूल. रात्रभर मोबाइल बघत बसलो होतो, वाटलं सुटलो, आणि बाराला पाच कमी असताना उचलला."

"आणि हॅलोरन?"

"हॅलोरन अजून खेळेल."

"सात वर्षं? त्या गुडघ्यांवर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तो हसला. "बघ. तू तूच." मग उठला, हात झटकले, आणि जाताना माझ्या ताटातल्या उघड्या पेरोगी उचलून स्वतः मिटून ठेवल्या.

पस्तीस वर्षं मी मुलांना इतिहास शिकवला. सांगत आलो, निकाल देण्याआधी पुरावा बघा. या वेळी पुरावा माझ्याच खिशात होता.

मायरन


सॅस्काटून, १ जून

गॅरेट,

आता माझ्याकडे तेरा दिवस आहेत आणि तुझं एकही अक्षर नाही.

वॉल्टने ठरावाचा मसुदा आणून दिला. पहिलं कलम तू. "संघाच्या कर्णधाराचा कवडीमोल सौदा." दुसरं कोर्पेला, तिसरं हॅलोरन. मी म्हणालो, "वॉल्ट, पहिलं कलम काढू या. उरलेली दोन पुरेशी आहेत." तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी रिंक पाडायचं सुचवलं.

"मायरन, लोक कोर्पेलासाठी येणार आहेत का? निम्म्यांना त्याचं नाव धड म्हणता येत नाही. लोक गॅरेटसाठी येतायत. आणि तुझ्यासाठी. तुझ्या तोंडून ऐकायला."

तर माझ्यापुढचा पेच असा. मी वॉल्टचं भाषण केलं, तर एक सरळ माणूस मी उघड्या डोळ्यांनी खोट्या आरोपावर गाडतो. मी खरं सांगितलं, तर तुझं डोकं अडीच हजार लोकांपुढे टेबलावर ठेवतो आणि तुझं खेळणं संपवतो. मी घरी बसलो, तर लोक म्हणतील मायरन आजारी असेल, आणि ठराव तरीही होईल, कारण आग लावून झालेली आहे. मला कधी शब्दांची भीती वाटली नव्हती. आता तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघतो. मंगळवारी दुकानात पावाची किंमत विचारतानाही म्हणून बघितलं.

तू सांग. तुझं डोकं आहे. बोल म्हणालास तर बोलेन, नको म्हणालास तर नाही.

आणि अजून एक आहे. परीक्षेचं लॉर्नला सांगितलं, पण त्यातला माझा वाटा त्यालाही सांगितलेला नाही. तू सतरा वर्षांचा होतास. सप्टेंबर. ज्युनियर संघाची ती परीक्षा देऊन तू घरी आलास आणि जेवताना आम्हाला सांगितलंस की सगळी पोरं ती मुद्दाम चुकवतात. आकडे उलटे सांगायचे तर विसरल्यासारखं करायचं, बटण उशिरा दाबायचं. म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तरी निकाल तोच येतो आणि डॉक्टर बर्फावर सोडतो. डोरीनने हातातला चमचा खाली ठेवला. आणि मी, शिक्षक, हसलो. म्हणालो, "नापास व्हायलाही अक्कल लागते ही पहिलीच परीक्षा." तू इतका खूश झालास. पुढे कितीदा तू ते माझं वाक्य लोकांना सांगितलंस. बारा वर्षं दर सप्टेंबरात तू ती परीक्षा तशीच दिलीस आणि बाराही वेळा मला ठाऊक होतं.

चार दिवसांपूर्वी हे मी डोरीनला म्हणालो. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, सगळेच हसतात.

ती म्हणाली, "सहा जानेवारीला तो तुझ्या समोर बसला होता. हात पुढे केला असतास तर खांद्याला लागला असता. तू दोन दिवस थांबलास आणि लॉर्नला सांगितलंस. सगळ्या शहराशी बोलतोस तू. त्याच्याशी का नाही बोललास?"

मी उत्तर शोधतो आहे. भीती वाटली, एवढंच सापडलं. तू नाही म्हणाला असतास तर मला काही करता आलं नसतं, आणि तू हो म्हणाला असतास तर माझ्या शनिवारांना कर्णधार उरला नसता. हे दुसरं कारण लिहायला मला तीन दिवस लागले.

कळव.

मायरन


सॅस्काटून, १५ जून

गॅरेट,

काल सभा झाली. तू इंटरनेटवर पाहिली असशीलही, नसशीलही. माझ्याकडून ऐक.

प्रदर्शनाच्या मैदानावरचा मोठा हॉल. जिथे ऑगस्टमध्ये बैल उभे करतात तिथे खुर्च्या. पंचवीसशेच्या वर माणसं. तुझा जुना नंबर घातलेल्या पोरीबाळी, म्हातारे, दाल्मेनीहून भरून आलेली एक शाळेची बस. प्रत्येकाच्या हातात दोन कार्डं: नारिंगी म्हणजे काढा, पांढरं म्हणजे ठेवा. मंचावर लॉर्न एकटा, जुना तपकिरी कोट घालून, पाण्याचा पेला समोर.

तुझं उत्तर आलं नव्हतं. तेव्हा तुझ्याबद्दल काही बोलायचा अधिकार मला नव्हता. स्वतःबद्दल बोलायचा होता.

वॉल्टने माझं नाव पुकारलं तेव्हा लोक उभे राहिले. मी काही बोलण्याआधीच टाळ्या. मी म्हणालो, "कोर्पेला ही चूक होती. हॅलोरन ही घोडचूक आहे. त्यासाठी या माणसाला काढायचं तर काढा, मी अडवणार नाही. पण पहिलं कलम खोडा. गॅरेट नॉयफेल्डला लॉर्नने पाठवलं ते माझ्या सांगण्यावरून. जानेवारीत त्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. काय ते इथे सांगणार नाही, मेलो तरी सांगणार नाही. त्यानंतर चार महिने मी रेडिओवर त्याच गोष्टीसाठी त्याला फाडत राहिलो, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मी खोटं बोललो. तो सौदा चुकीचा नव्हता. गेल्या पाच वर्षांतला तोच एक मला बरोबर वाटतो."

मला वाटलं, झालं. सांगून झालं.

मग लॉर्नने माइक ओढला. "एक मिनिट. मायरन हलुष्काने मला सल्ला दिला आणि मी तो ऐकला, असा एक दिवस कुणी मला दाखवावा."

आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. लॉर्न थांबला, हसू ओसरू दिलं, आणि म्हणाला, "म्हातारा मोठ्या मनाचा आहे. एकटा माणूस मंचावर बसलेला त्याला बघवत नाही. पण निर्णय माझा होता. कारण माझं होतं आणि ते मी सांगणार नाही. आता मत द्या, लोकांना घरी जाऊन गायी बघायच्या आहेत."

पुन्हा हशा. आणि मला कळलं तो काय करतो आहे. माझं बोलणं खरं ठरलं असतं, तर बाहेर पडता पडता प्रत्येक जण विचारत सुटला असता, मायरनने असं काय सांगितलं? आणि मार्टेन्सव्हिलच्या रॉनसारखे पाच-पन्नास जण तासाभरात उत्तरापर्यंत पोचले असते. तुझ्यासाठी त्याने मला खोटं पाडलं. लोकांनी चार महिने माझं खोटं गिळलं आणि मी एकदा खरं बोललो तर माझ्या पाठीवर थाप मारली. वॉल्ट कानाशी येऊन म्हणाला, "फार सभ्यपणा दाखवलास. गरज नव्हती."

मत घेतलं. मी कार्ड वर केलं नाही, कुठलंच. ज्याने पुरावा लपवला त्याने निकाल देऊ नये. शेजारी डोरीन होती. तिने पांढरं कार्ड वर केलं. मग पर्समधून दुसरं पांढरं काढलं आणि तेही वर केलं. दोन्ही हात वर, जशी काही शरण जाते आहे.

मी म्हणालो, "दोन कसली? तुझं एक मत."

"एक माझं, एक गॅरेटचं."

तू अठराचा झालास तेव्हा तिने तुला संघाचा एक भाग दिला होता. या शहरात बाप्तिस्म्याला, लग्नाला हेच देतात, मी विसरूनही गेलो होतो. तू तुझं मत तिच्या नावे लिहून पाठवलंस. मला नाही, तिला. गेल्या सोमवारी आलं होतं, आणि आठवडाभर तिने मला कळू दिलं नाही.

तेराशे चार नारिंगी. बाराशे तेहतीस पांढरी. लॉर्न गेला. एकाहत्तर मतं. माझ्या एका शनिवारचे श्रोते त्याहून जास्त असतात. त्याने पेल्यातलं पाणी संपवलं, सेक्रेटरीशी हस्तांदोलन केलं आणि मागच्या दाराने न जाता मधल्या वाटेने, सगळ्यांमधून चालत गेला. माझ्यापाशी थांबून म्हणाला, "हॅलोरन खेळेल." आणि गेला.

गाडीत मी डोरीनला विचारलं, "त्याने सोबत काही लिहिलं होतं?"

"हो."

"काय?"

"ते माझ्यासाठी आहे, मायरन."

बरोबर आहे. मी पुन्हा विचारणार नाही.

शनिवारचा कार्यक्रम मी सोडला. स्टेशनवाले म्हणतात, विश्रांती घ्या, सप्टेंबरात बघू. सप्टेंबरात तू कुठे असशील, बर्फावर की नाही, ते तू आणि ती डॉक्टरीण ठरवाल. त्या वेळी माझा आवाज कुठेही असता कामा नये.

मी सत्तावीस तारखेला आल्बुकर्कीला येतो आहे. डोरीनने पत्ता दिला, देताना तोंड वाकडं केलं पण दिला. नको असेल तर दार उघडू नकोस. मी पायरीवर बसेन, संध्याकाळी परत जाईन. उघडलंस तर भाषण करणार नाही. मला एकच विचारायचं आहे, समोर बसून, तुझ्याकडे बघत: गॅरेट, डोकं दुखतं का रे? आणि तू बोलेपर्यंत गप्प राहणार आहे. सवय नाही मला. पण राहीन.

मायरन